काचेपलीकडे बाबा

डॉक्टरांनी बाबांना बोलायची मनाई केली आणि आमच्या घरात भांड्यांचे आवाज मोठे झाले. आई भाकरी थापताना परात खालच्या फरशीवर बारीक वाजते, मोरीतली बादली भरत आली की तिचा सूर चढत जातो, पत्र्यावर उंबराची फळं पडतात, हे सगळं मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. त्याआधी ऐकू येण्याची सोय नव्हती. बाबा तोंडात राखुंडी धरूनही गुणगुणायचे. अंघोळ करताना एखादी ओळ जुळली की तसेच ओल्या अंगानं बाहेर येऊन आईला ऐकवायचे आणि ती म्हणायची, "आदी अंग पुसा, गानं कंय पलून नाय जात." आमचं घर शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे. वस्तीत विहार, विहाराला लागून चिंच, चिंचेपलीकडे भातखाचरं. बाबा दिवसा गवताच्या वखारीत गाठी बांधायचे. मुंबईच्या तबेल्यांसाठी आमच्या भागातलं गवत ट्रक भरून जायचं, आणि दिवसभर त्या गवताची धूळ बाबांच्या नाकातोंडात जायची. घशाचं दुखणं त्यातूनच आलं असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. ते बिडीबद्दल बोलले होते.

संध्याकाळी मात्र बाबा वखारीतले राहायचे नाहीत. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत त्यांना बोलावणी यायची. पेटीवाले, कोरसवाले बदलत राहिले, ढोलकीवर मात्र कायम जानूकाका. जानूकाका आमच्या नात्यातले नव्हते. पण त्यांच्या घरी बकरं कापलं तर पहिली वाटी आमच्याकडे यायची, इतकं ते नातं होतं. कार्यक्रमात ते बाबांच्या डाव्या हाताला बसायचे. बाबांचं स्वतः बांधलेलं एक गाणं होतं, माझ्या आजीवरचं. आजीनं आयुष्यभर डोंगरावर गवत कापलं आणि डोक्यावरून भारे उतरवले. गाण्याच्या शेवटी एक ओळ यायची, "भारा उतर गो माये, आता सावलीत बैस." त्या ओळीआधी ढोलकी थांबायची. बाबाही थांबायचे. मांडवात मग कोणी खोकतसुद्धा नसे. मग बाबा ती ओळ कुठल्याही वाद्याशिवाय, अगदी खालच्या सुरात, समोर आजी बसली असावी तशी म्हणायचे, आणि 'बैस'वर जानूकाकांची थाप पडायची. ते थांबणं दर वेळी वेगळं असायचं. कधी श्वासाएवढं, कधी इतकं लांब की मला वाटायचं बाबा ओळ विसरले. मी एकदा जानूकाकांना विचारलं, तुम्हाला कळतं कसं? ते म्हणाले, "त्याची छाती बगायची. छाती भरली का हात उचलायचा."

बाबांच्या पार्टीचा एक रिवाज होता. हातात घेतलेलं गाणं अर्धं सोडायचं नाही. वीज गेली, माईक बंद पडला, पाऊस आला, तरी गाणं संपवून मग उठायचं. मधल्या कडव्यापासून सुरुवात करणं तर त्यांना जमायचंच नाही. कोणी म्हणालं की ते सावलीचं तेवढं म्हणा, तर ते हसून पहिल्या ओळीपासून लागायचे. म्हणायचे, "डोंगर चढल्याबिगर भारा कसा उतरल?"

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. हे घरी सांगायचं माझ्याकडे आलं, कारण घरात कॉलेजला गेलेला मी एकटा. आमच्याकडे शिकलेल्या मुलानं सगळ्या टेबलांवर बोलायचं असतं: तलाठ्याशी, बँकेत, डॉक्टरांशी. मी मुरबाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आणि खरं सांगायचं तर वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे. तरी मी सांगितलं. बाबा ऐकून अंगणात गेले आणि बराच वेळ सायकलची चेन साफ करत बसले. आईनं एवढंच विचारलं, "कंयीच नाय बोलता येनार? 'पानी दे' एवडं पन नाय?"

बाबांचा आवाज कुठे साठवलेला नव्हता. आज हे कोणाला खरं वाटणार नाही. माझी मुलगी मांजर जांभई देताना दिसलं तरी फोन काढते. आमच्याकडे तेव्हा बटणांचा फोन होता, त्यातून साधं बोलणंही खरखरत यायचं. कोणीतरी जयंतीला टेप केलेली एक कॅसेट होती, तिच्यावर त्याच घरातल्या पोरानं नंतर सिनेमाची गाणी भरली. कॉलेजातल्या एका मित्रानं सांगितलं की शहापूरला स्टुडिओ झाला आहे, तिथे जा, एकदा चांगलं रेकॉर्ड करून घे. मला ते पटलं. त्या दिवसांत माझ्या हातून होण्यासारखं तेवढंच होतं. बाबांचं एक गाणं, आजीचं, त्यांच्या आवाजात घरात राहावं. बाकी मला काही नको होतं.

डॉक्टरांची मनाई होतीच, आता या गाण्यासाठीही आम्ही बाबांचा आवाज राखून ठेवला. काही दिवस त्यांनी घरात एक शब्द काढला नाही. चहा हवा असला की पाटावर बोटांनी थाप, पाणी हवं असलं की दोन थापा. आई त्यांना तांदळाची पेज, मऊ भात, वालाचं पाणी द्यायची. सुकट भाजायची तर शेजारच्या चुलीवर जाऊन, वासानं त्यांना खोकला येऊ नये म्हणून. जानूकाका रोज यायचे आणि एकटेच दोघांचं बोलायचे. "वैनी, सुखी झालीस बग. असा नवरा कोनाला भेटतो, उलट बोलतच नाय." आई म्हणायची, "तुमीच रावा मग मुके थोडं दिस, तुमची बायको पन सुखी व्हईल." बाबा हसायचे. हसायचे तेही आवाज न करता. ते हसणं मला बघवायचं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं जीपमधून शहापूरला गेलो. ढोलकी जानूकाकांच्या मांडीवर, तिला आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, कार्यक्रमाला घालायचे तो. ऑपरेशनसाठी दुसऱ्याच दिवशी दाखल व्हायचं होतं, म्हणजे हातात ही एकच सकाळ होती. स्टुडिओ एका दुकानाच्या वर होता. दोन खोल्या, मध्ये जाड काच. एका खोलीत कॉम्प्युटर, दुसऱ्या खोलीत भिंतींना स्पंज लावलेला आणि मधोमध एक माईक. चालवणारा निखिल नावाचा मुलगा, कल्याणचा, माझ्याहून थोडा मोठा. मला आजही त्याच्याबद्दल वाईट बोलता येत नाही. त्यानं बाबांना खुर्ची दिली, कोमट पाणी दिलं, जानूकाकांना "काका, पाय मोकळे सोडून बसा" म्हणाला. त्याच्या टेबलावर एक बटण होतं. ते दाबून धरलं तरच त्याचं बोलणं आतल्या माणसाच्या कानात जायचं. बोट उचललं की आतल्या माणसाला काही नाही. आतलं मात्र आम्हाला सगळं ऐकू यायचं, बाबांनी गिळलेली लाळसुद्धा.

त्यानं दोघांना आत बसवलं, जानूकाका डाव्या हाताला. बाबांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि बाहेर येऊन बटण दाबून म्हणाला, "काका, जरा गा बघू. लेव्हल बघतो."

बाबांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडून सूर येणार होता, आणि तो पहिल्याच ओळीला असा आला की मी भिंतीला टेकलो. घसा आजारी होता, आवाजाला कड आली होती. पण ती कड त्या गाण्याची वाटत होती, जणू गवताची पात आवाजातून फिरते आहे. निखिल कॉम्प्युटरकडे बघत एक एक बटण हलवत होता, मध्येच त्यानं आत जाऊन माईक जरासा वर केला, बाबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. कडव्यामागून कडवं गेलं. मग ढोलकी थांबली. बाबा थांबले. मी काचेतून जानूकाकांकडे बघत होतो. ते बाबांच्या छातीकडे बघत होते. त्यांचा हात वर उचललेला, तसाच. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग बाबांनी ती ओळ म्हटली. मी ती त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकली असेल. अशी कधी ऐकली नव्हती. तो माणूस आजीला निरोप देत नव्हता, स्वतःचा आवाज खाली उतरवून ठेवत होता, आणि हे काचेच्या दोन्ही बाजूंना आम्हा सगळ्यांना कळत होतं. 'बैस'वर थाप पडली. गाणं संपलं. बाबांनी दोन्ही हात जोडले, हेडफोन काढून खुर्चीवर ठेवला आणि दार उघडून बाहेर आले. जानूकाका मागोमाग, डोळे पुसत.

"मस्त, काका," निखिल म्हणाला. "लेव्हल एकदम बरोबर बसली. आता रेकॉर्ड करू."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी निखिलकडे.

"म्हंजे?" जानूकाका म्हणाले. "आताचं काय होतं?"

"ते नुसतं चेक होतं, काका. आवाज किती येतो ते बघत होतो. रेकॉर्ड लावलं नव्हतं." तो बोलता बोलता थांबला. आमच्या चेहऱ्यांवरून त्याला काहीतरी कळलं असावं. "पूर्ण गाणं म्हणाल असं वाटलं नव्हतं. लोक दोन ओळी गाऊन थांबतात."

लोक थांबत असतील. बाबांच्या जगात 'गा' म्हटल्यावर गायचं असायचं, आणि माईक तपासायचा तर माईकवाला स्वतः 'हॅलो हॅलो' करायचा. ज्यानं थांबवायला हवं होतं त्याला वाटलं हा आपणहून थांबेल, आणि जो थांबणारा नव्हता त्याला कोणी सांगितलं नव्हतं की हे मोजलं जाणार नाही. यात कोणाला दोष द्यायचा याचा मी फार वर्षं विचार केला, आणि देण्यासारखा दोष सापडला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

पुढे एकदा मुलीच्या शाळेच्या गाण्यासाठी मी कल्याणच्या एका स्टुडिओत गेलो होतो. तिथे रेकॉर्डिंग करणारी बाई पोरं आत शिरायच्या आधीच यंत्र सुरू करायची. कोणी चुकलं की लगेच बटण दाबून म्हणायची, "मी ऐकतेय हं, छान चाललंय, पुढे गा, मागचं आपण नंतर घेऊ." एक क्षणही ती आत शांतता राहू देत नव्हती. मी चप्पल घालून जिन्यात जाऊन बसलो. मुलीला वाटलं मला गरम होतंय.

बाबा पुन्हा आत गेले. या वेळी निखिलनं ढोलकी बाहेर ठेवायला सांगितली. एका माईकमध्ये दोन आवाज मिसळले तर नंतर काही दुरुस्त करता येत नाही, ढोलकी मागाहून वेगळी घेऊ, असं त्याचं म्हणणं. बाबांच्या कानात त्यानं टक टक असा ठेका सोडला. बाबा गायला लागले. पहिली कडवी निभावली. मग थांबायची जागा आली आणि बाबा थांबले, पण कानातली टकटक थांबेना. त्यांनी ओळ उचलली ती दोन ठोक्यांच्या मध्ये.

निखिलनं माझ्याकडे वळून सांगितलं की हे जुळणार नाही, इथे नेमकं मोजून थांबायला हवं. तो मला समजावत होता, मी मान डोलावत होतो, आणि बटण कोणी दाबलं नव्हतं. काचेपलीकडून बाबांना आमचे हलणारे ओठ दिसत होते.

"कंय बोलतात रे साहेब?" बाबांचा आवाज आमच्या खोलीत आला, इतका जवळून की मी मागे वळून बघितलं. "चुकलो का मी?"

निखिलनं बटण दाबलं. "नाही काका, छान. सेफ्टीसाठी अजून एक घेऊ. फक्त सावलीच्या ओळीपासून घ्या, मागचं झालंय."

बाबांनी मान हलवली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

असं होत राहिलं. निखिल दर वेळी म्हणायचा तेवढीच ओळ घ्या, बाबा दर वेळी डोंगराच्या पायथ्याशी जायचे. मी म्हटलं, मला बोलू दे त्यांच्याशी. बटण दाबून मी काचेला तोंड लावल्यासारखा म्हणालो, "बाबा, सगलं नका गाऊ. तेवडीच ओल. आवाज पुरवायचा हाय." कॉलेजात जायला लागल्यापासून मी घरात शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचो, त्या क्षणी तो गळून पडला. बाबा म्हणाले, "बरा." आणि प्रयत्न केला. मधूनच ओळ उचलली. ती ओळ मधून उचलल्यावर नुसती सपाट यायची, बाजारात कोणी कोणाला 'बस जरा' म्हणावं तशी. त्यांनाच ते कळायचं. ते मान हलवून पुन्हा आरंभाकडे जायचे.

जानूकाका आमच्या खोलीत काचेला लागून बसले होते. बाबांना आधार म्हणून ते गुडघ्यावर ठेका धरत होते, आणि जागा आली की हात उचलायचे. बाबा त्यांच्याकडे बघून गायचे आणि कानातली टकटक सोडून जायचे. शेवटी निखिल फार अवघडून म्हणाला, "जानूकाका, तुम्ही जरा मागे बसता का? काका तुमच्याकडे बघतात."

"माज्याकडं नाय बगनार तं कोनाकडं बगल?" जानूकाका म्हणाले, रागानं नाही. मग ढोलकी उचलून बाहेर जिन्यात, चपला काढायच्या जागी जाऊन बसले. आतून बाबांनी त्यांना जाताना बघितलं. त्यानंतरच्या गाण्यात बाबांची नजर त्या मोकळ्या जागेवर होती.

मग आवाज फाटायला लागला. आधी वरचे सूर गेले, मग शब्दांची टोकं. निखिल बटण दाबून म्हणाला, "काका, जरा फील कमी पडतोय." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बटणावर बोट ठेवलं. फील म्हणजे काय हे मला माहीत होतं. बाबांना ते कमी पडतंय हे मी कुठल्या तोंडानं सांगायचं? मी म्हणालो, "ते सांगतात, चांगला झाला." बाबा म्हणाले, "तू नको सांगू. साहेबांना सांगू दे." तोपर्यंत ते बोलणं नव्हतंच, नुसती हवा होती. शेवटचं गाणं त्यांनी पूर्ण केलं. सावलीच्या ओळीला ओठ हलले, आणि माईकमध्ये फक्त श्वास आला. निखिलनं कॉम्प्युटर थांबवला आणि हळूच म्हणाला, "आहे त्यातून मी करतो काहीतरी."

परतीच्या जीपमध्ये बाबा खिडकीशी होते. किन्हवलीच्या अलीकडे त्यांनी जानूकाकांच्या हातावर हात ठेवला आणि ऐकू येईल न येईल असं विचारलं, "पयला बरा झाला ना रे?"

"बरा?" जानूकाका म्हणाले. "सगल्या जल्मात तसा नाय गायलास, भाड्या." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाबांचे माझ्या कानांनी ऐकलेले ते शेवटचे शब्द. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात ते कोणाशीच काही बोलले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. बाबा गळ्याला भोक घेऊन घरी आले, त्यावर पांढरं फडकं बांधायचं. निखिल आपल्या शब्दाला जागला. बऱ्याच दिवसांनी त्यानं सीडी पाठवली. त्यानं सगळ्या खेपांमधले बरे तुकडे जोडले होते, हलणारे सूर यंत्रातून सरळ केले होते, मागे बासरी आणि कीबोर्डचा ठेका टाकला होता, आणि सावलीच्या ओळीआधीचं थांबणं काढून टाकलं होतं. त्यानं त्यावर किती रात्री घालवल्या असतील कोण जाणे. आणि वाईट हे की आज मी बाबांचा आवाज आठवायला बसलो तर तोच येतो, तो सरळ केलेला, गुळगुळीत. काचेपलीकडचं ते पहिलं गाणं मला डोळ्यांपुढे दिसतं. जानूकाकांचा उचललेला हात दिसतो, बाबांचे मिटलेले डोळे दिसतात. पण ऐकू येत नाही. जानूकाका आता नाहीत. निखिल कुठे असतो मला माहीत नाही. त्यानं तर ते कानाला हेडफोन लावून, आमच्या सगळ्यांपेक्षा स्पष्ट ऐकलं होतं.

सीडी आली त्या दुपारी मी शेजारच्या घरातून प्लेअर आणला. बाबा खाटेवर बसले होते, जानूकाका उंबऱ्यात, आई डाळ निवडत. गाणं लागलं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो. तेवढ्यात पलीकडच्या घरातली सुंदरामावशी दारात आली. लग्न होऊन या वस्तीत आल्यापासून तिनं बाबांचं गाणं दर जयंतीला पुढच्या ओळीत बसून ऐकलं होतं. ती दाराच्या चौकटीला हात लावून थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "बरा गातो गो. कोन हाय?"

आईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं बाबांकडे बघितलं. मला वाटतं, बाबांनी छातीवर हात ठेवावा एवढंच तिला हवं होतं. बाबांनी मान वर केली, सुंदरामावशीकडे बघून ओठ जरा खाली ओढले आणि तळहात उलटा केला: माहीत नाही.

आईनं सुंदरामावशीला आत बस म्हटलं, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.